खाटांचा फलक : प्रकल्प नोंदी

काम: साथीच्या काळात सहा रुग्णालयांच्या खाटा, आयसीयू आणि ऑक्सिजन एकाच ऑनलाइन फलकावर आणायचे. रुग्ण कुठे पाठवायचा, हे समन्वय कक्षाला फलक पाहून ठरवता आलं पाहिजे. रुग्णालयांना क, ख, ग, घ, च, छ अशी अक्षरं दिली आहेत. नोंदी कामाच्या ओघात लिहिल्यात, त्यामुळे आधी ठरलेलं पुढे मोडलेलं दिसेल.

४ जानेवारी, सोमवार

सध्याची व्यवस्था म्हणजे एक सामायिक स्प्रेडशीट. प्रत्येक रुग्णालयाची एक ओळ, सकाळ-संध्याकाळ भरायचे तीन रकाने: एकूण, भरलेल्या, रिकाम्या. 'एकूण वजा भरलेल्या' आणि 'रिकाम्या' हे आकडे सहापैकी चार ओळींत जुळत नाहीत. बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही. 'रिकाम्या' हा रकाना हिशेब म्हणून भरलाच जात नाही. आत्ता किती रुग्ण घ्यायला आपण तयार आहोत, हे वॉर्डचं मत त्यात उतरतं. म्हणजे खरी माहिती याच रकान्यात आहे, फक्त तिला व्याख्या नाही.

बाकीचे दोष नेहमीचे. माहिती नसली की कुणी ० लिहितं, कुणी जागा कोरी ठेवतं. शून्य खाटा आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन ठिकाणी देवनागरी कीबोर्डवरून अंक आलेत. स्प्रेडशीटने ते मजकूर मानले, आणि बेरजेचं सूत्र मजकूर गुपचूप वगळतं. चूक दाखवत नाही, बेरीज फक्त कमी येते. तारखेत दिवस आधी की महिना आधी, हा घोळ १ ते १२ तारखांपर्यंत लक्षात येत नाही. १३ तारखेला उघडा पडतो.

स्प्रेडशीट अगदी टाकाऊ नाही. पहिल्या दोन दिवसांत काहीतरी उभं करायला तिच्याइतकं सोपं साधन दुसरं नाही. पण तिची मर्यादा कुठे आहे हे आधी माहीत असावं. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत, कारण प्रयोगशाळांची माहिती जुन्या एक्सेल साच्यात उतरवली जात होती आणि त्या साच्यात ६५,५३६ ओळींपुढे जागा नाही. उरलेल्या ओळी कापल्या गेल्या आणि कुणाला सूचनाही मिळाली नाही.

ठरलं: स्प्रेडशीट आठवडाभर चालू ठेवायची, सगळे रकाने 'फक्त पूर्णांक' या नियमाने बांधायचे, कोऱ्या जागेला लाल रंग द्यायचा. खरी नोंद डेटाबेसमध्ये.

५ जानेवारी, मंगळवार

दिवसभर व्याख्या. सर्वात कंटाळवाणं काम, आणि ते घाईत उरकलं की पुढचं सगळं फुकट.

'खाट' म्हणजे काय, याची तीन उत्तरं मिळाली. परवान्यावरची खाट. वॉर्डात प्रत्यक्ष मांडलेली खाट. आणि जिच्यावर या घडीला रुग्ण घेता येईल अशी खाट: गादी, ऑक्सिजनचा पॉइंट आणि पाळीवर तिला पाहणारी सिस्टर, असं तिन्ही असलेली. समन्वय कक्षाला फक्त तिसरी हवी आहे. तिला 'चालू खाट' म्हणायचं ठरलं. फलकावर मोठ्या अक्षरात तीच दिसेल. मांडलेल्या खाटा लहान अक्षरात शेजारी. परवान्यावरचा आकडा फलकावर येणारच नाही, कारण तो दिसला की वरचे लोक त्याच्याशी तुलना करू लागतात.

'आयसीयू' शब्दाचंही तेच. घ रुग्णालयात मॉनिटर आणि हाय-फ्लो (नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन-हवेचं मिश्रण देणारं यंत्र) असलेल्या खाटेला आयसीयू म्हणतात, ग मध्ये व्हेंटिलेटर असेल तरच. शब्द टाकून दिला. रकाने आता क्षमतेवर: साधा ऑक्सिजन, हाय-फ्लो किंवा बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र), इन्व्हेझिव्ह (श्वासनलिकेत नळी घालून लावायचा) व्हेंटिलेटर, डायलिसिसची सोय. डायलिसिस वेगळा रकाना, कारण मूत्रपिंडं निकामी झालेला रुग्ण मोकळा व्हेंटिलेटर पाहून पाठवला आणि तिथे डायलिसिसचं पाणी नसलं, तर त्याला पुन्हा हलवावं लागतं.

७ जानेवारी, गुरुवार

खाटेच्या अवस्था ठरवल्या. एफएचआयआर या आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकात 'लोकेशन' या घटकाला चालू स्थितीचे सहा संकेत आधीच आहेत: बंद, सफाई चालू, विलगीकरण, दूषित, भरलेली, मोकळी. आपली यादी त्यांच्यावर बसवली, म्हणजे उद्या दुसऱ्या प्रणालीशी जोडताना भाषांतर करावं लागणार नाही. दोन अवस्था आपल्या घातल्या: 'राखलेली' (रुग्ण वाटेत आहे) आणि 'अडकलेली'.

'अडकलेली' वेगळी का, ते लिहून ठेवतो, कारण कुणीतरी पुढे ती काढायला सांगणारच. चार खाटांच्या खोलीत एक संशयित रुग्ण आहे, तपासणीचा निकाल यायचाय. उरलेल्या तीन खाटा रिकाम्या दिसतात, पण तिथे ना बाधित ठेवता येतो ना निगेटिव्ह. स्त्री-पुरुष वॉर्डांचं विभाजन, नकारात्मक दाबाच्या (आतली हवा बाहेर पसरू न देणाऱ्या) खोल्या, यांतही असंच अडकतं. या खाटा 'मोकळ्या'त मोजल्या तर फलक खोटं बोलतो, 'बंद'मध्ये मोजल्या तर त्या सुटू शकतात हे कुणाला दिसत नाही. प्रत्येक अडकलेल्या खाटेपुढे कारण निवडायचं, आणि निकालाची वाट असेल तर नमुना घेतल्याची वेळ. प्रयोगशाळेला रोज सकाळी हीच यादी जाईल: कोणता निकाल आधी दिला तर सर्वात जास्त खाटा सुटतील, त्या क्रमाने.

११ जानेवारी, सोमवार

चालू खाटांचा आकडा आता कुणी हाताने भरायचा नाही. वॉर्डाने तीनच गोष्टी द्यायच्या: मांडलेल्या खाटा, पाळीवरच्या सिस्टरांची संख्या, उपलब्ध ऑक्सिजन प्रवाह. यांतला सर्वात लहान आकडा म्हणजे क्षमता.

उदाहरण. मांडलेल्या खाटा २४. पाळीवर ३ सिस्टर, प्रत्येकी ६ रुग्ण धरले तर १८. वॉर्डाच्या पाइपलाइनला मिनिटाला २०० लिटर, सरासरी रुग्णाला १० लिटर धरले तर २०. तिघांत लहान १८, म्हणून चालू खाटा १८. एक सिस्टर आजारी पडली की त्या १२ होतात, एकही खाट न हलवता. फलकावर १८ शेजारी 'अडसर: मनुष्यबळ' असं दिसतं. हा शब्द आकड्याइतकाच कामाचा. अडसर मनुष्यबळाचा असताना आणखी खाटा मांडून काही साधत नाही.

मनुष्यबळाचा हिशेब वरिष्ठांना पुन्हा पुन्हा द्यावा लागतोय, म्हणून इथेच लिहितो. कोणत्याही क्षणी एक सिस्टर हजर हवी असेल तर आठवड्याला २१ पाळ्या भरायच्या. एक जण आठवड्याला ५ पाळ्या करते, म्हणजे ४.२ माणसं. रजा, आजारपण, विलगीकरण यांसाठी २० टक्के सोडले तर ४.२ भागिले ०.८, म्हणजे ५.२५. दोन रुग्णांमागे एक सिस्टर या प्रमाणात १० व्हेंटिलेटर खाटा चालवायला पाळीवर ५ जणी, आणि पटावर २६ ते २७. व्हेंटिलेटरांची खोकी आली म्हणजे क्षमता वाढली, असं समजणाऱ्याला हा परिच्छेद दाखवावा. पीपीई घालून सलग काम करण्याला मर्यादा असते, पाळी मधूनच बदलावी लागते. ते यात धरलेलंच नाही.

१३ जानेवारी, बुधवार

ऑक्सिजनचा भाग. 'साठा किती टक्के' हे सगळीकडे नोंदलेलं असतं. 'किती तास पुरेल' हे कुठेच नाही. फलकावर तास दाखवायचे.

लागणारे आकडे: द्रवरूप ऑक्सिजनच्या १ लिटरपासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. ७ घनमीटरचा जंबो सिलिंडर म्हणजे ७,००० लिटर; मिनिटाला १० लिटरने ११ तास ४० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी नियोजनाला धरलेला प्रवाह गंभीर रुग्णाला मिनिटाला १० लिटर, अतिगंभीर रुग्णाला ३० लिटर. ऑक्सिजनवरच्या १०० रुग्णांत ७५ गंभीर आणि २५ अतिगंभीर धरले तर ७५० अधिक ७५०, म्हणजे मिनिटाला १,५०० लिटर. तासाला ९० घनमीटर, दिवसाला २,१६०. १०,००० लिटरची टाकी भरलेली असली तर ८,६०० घनमीटर, म्हणजे चार दिवसांना थोडं कमी. पण टाकी तळापर्यंत वापरत नाहीत आणि टँकरला उशीर होतोच. फलकावर ३ दिवस धरतो.

हाय-फ्लोचा प्रवाह भरताना एकच चूक वारंवार होते. यंत्रावर मिनिटाला ६० लिटर दिसतं, ते सगळं ऑक्सिजन म्हणून लिहिलं जातं. ६० लिटर हे मिश्रण आहे. ऑक्सिजनचं प्रमाण ६० टक्के ठेवलं असेल तर शुद्ध ऑक्सिजन लागतो ६० गुणिले (०.६० वजा ०.२१) भागिले ०.७९, म्हणजे मिनिटाला सुमारे ३० लिटर. फॉर्ममध्ये प्रवाह आणि टक्केवारी अशा दोनच खिडक्या ठेवल्या, गुणाकार यंत्र करेल.

आणखी एक, जे साठ्याच्या आकड्यात कधी दिसत नाही. टाकी भरलेली असूनही वॉर्डाच्या टोकाला दाब पडतो. बाष्पक, म्हणजे द्रवरूप ऑक्सिजनचा वायू करणारा भाग, ठरावीक प्रवाहासाठी बनवलेला असतो. त्यापलीकडे ओढलं की त्यावर बर्फ धरतो आणि वायू पुरेसा तयार होत नाही. जुन्या पाइपलाइनचा व्यासही इतक्या प्रवाहाच्या अपेक्षेने निवडलेला नसतो. म्हणून मर्यादा दोन नोंदवायच्या: साठ्याचे तास आणि एकाच वेळी मिळू शकणारा प्रवाह. दुसरी मर्यादा वॉर्डनिहाय. हाय-फ्लोचे सगळे रुग्ण पाइपलाइनच्या एकाच फांदीवर ठेवू नयेत, ही सूचना अभियंत्यांकडूनच आली. फलकात आता फांदीचा क्रमांक आहे.

१६ जानेवारी, शनिवार

आकडे खोडून नवे लिहायचे नाहीत. प्रत्येक हालचाल वेगळी नोंद, आणि आत्ताचा आकडा त्या नोंदींच्या बेरजेतून. कारण साधं आहे: 'काल रात्री ११ वाजता ख मध्ये किती खाटा होत्या?' हा प्रश्न येतोच, आणि खोडलेल्या आकड्यातून उत्तर मिळत नाही.

क आणि ग मध्ये रुग्णालय प्रणाली आहे. तिच्यातून एचएल-७ (रुग्णालय प्रणालींमधल्या संदेशांचं मानक) चे एडीटी, म्हणजे रुग्णांच्या ये-जा आणि हालचालीचे, संदेश घेतो: ए-०१ दाखल, ए-०२ हलवला, ए-०३ डिस्चार्ज. सगळे हे तीन घेतात आणि ए-११, ए-१२, ए-१३ विसरतात. हे रद्द करण्याचे संदेश आहेत. ते वगळले तर चुकून दाखल केलेला रुग्ण फलकावर कायमचा राहतो, आणि आठवडाभरात अशी भुतं साठत जातात. एकच संदेश दोनदा येतो तेही गृहीत धरायचं. संदेशाचा क्रमांक आधी पाहिलेला असेल तर दुसरी प्रत टाकून द्यायची.

प्रत्येक नोंदीला दोन वेळा: घटना घडली ती आणि नोंद झाली ती. रुग्ण दुपारी २ ला घरी गेला, कागद संध्याकाळी ७ ला झाला, तर त्या पाच तासांत खाट कागदावर भरलेली होती. हा फरक वॉर्डनिहाय काढला की खाटा कुठे लपतात ते कळतं. टॅबलेटच्या घड्याळावर विश्वास नाही. नोंदीची वेळ सर्व्हरची, साठवण यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, दाखवताना स्थानिक.

ख, घ, च, छ मध्ये टॅबलेटवरचा फॉर्म. पाळीबदलाला, म्हणजे दिवसातून तीनदा. पहिल्या आवृत्तीत १९ प्रश्न होते. आता ६. बाकीचे दिवसातून एकदा, वॉर्डाने नव्हे, प्रशासन विभागाने भरायचे. पाळीबदलाच्या वेळी सिस्टरच्या हातात दोन मिनिटंही नसतात.

१९ जानेवारी, मंगळवार

राखीव खाटा. दोन समन्वयकांना एकाच वेळी एकच मोकळी खाट दिसली, दोघांनी रुग्ण पाठवले: हा प्रसंग चाचणीत मुद्दाम घडवून पाहिला आणि तो सहज घडला. आधी 'मोकळी आहे का' असं वाचायचं आणि मग 'राखलेली' असं लिहायचं, या दोन पायऱ्यांमध्ये फट राहते. आता एकच आज्ञा: 'अवस्था मोकळी असेल तरच राखलेली कर'. डेटाबेसमध्ये किती ओळी बदलल्या ते पाहायचं. शून्य आलं तर खाट गेली, दुसरी शोधा.

राखण्याची मुदत ९० मिनिटं. चार तास ठेवून पाहिले होते. संध्याकाळपर्यंत मोकळ्यांतल्या निम्म्या खाटा 'वाटेत'ल्या रुग्णांनी अडवल्या, आणि त्यातले बरेच दुसरीकडे पोचलेले होते. मुदत संपायच्या १५ मिनिटं आधी समन्वयकाला सूचना, कारण लिहून एकदाच वाढवता येते. आपोआप वाढत नाही.

राखलेली खाट म्हणजे स्वीकारलेला रुग्ण नव्हे. डॉक्टर ते डॉक्टर फोन हा टप्पा ठेवलाय, आणि तो कुठलंही साधन काढू शकत नाही. फलक फोन कुणाला लावायचा ते सांगतो.

२१ जानेवारी, गुरुवार

जुनी माहिती. ६ तासांपेक्षा जुना आकडा पिवळा, १२ तासांपेक्षा जुना राखाडी आणि बेरजेतून बाहेर. बेरजेखाली 'सहापैकी पाच रुग्णालयं' असं लिहून येतं. ब्राउझरने साठवलेलं जुनं पान दाखवू नये म्हणून पानाची स्वतःची वेळही वर मोठी ठेवली. कक्षातल्या भिंतीवरचा पडदा रात्री कधीतरी गोठतो आणि सकाळी सगळे त्याच्याकडेच पाहत असतात; पडद्यावर सेकंदकाटा घातला. हलत नसेल तर पडदा मेलेला.

२५ जानेवारी, सोमवार

अंदाजासाठी मुक्कामाची सरासरी हवी. डिस्चार्ज झालेल्यांचे दिवस मोजून सरासरी काढली, ती ६ दिवस आली. साथीच्या सुरुवातीला ही पद्धत हमखास फसवते: जे लवकर बरे झाले किंवा लवकर दगावले तेच मोजले जातात, लांबणारे अजून आतच आहेत.

छोटं उदाहरण: २० दाखल. ११ बाहेर पडले, सरासरी ६ दिवस, म्हणजे ६६ खाट-दिवस. ९ अजून आत, आतापर्यंत सरासरी १० दिवस, म्हणजे ९०. एकूण १५६ खाट-दिवसांत ११ जण बाहेर. १५६ भागिले ११ म्हणजे १४.२ दिवस. ६ आणि १४ मध्ये दुपटीहून जास्त फरक, आणि दोन्ही आकडे त्याच २० रुग्णांवरून काढलेले. ही पद्धत बाहेर पडण्याचा रोजचा दर स्थिर धरते, तो तसा नसतो. माहिती वाढल्यावर काप्लान-मायर पद्धतीने (अजून आत असलेल्यांनाही हिशेबात धरणाऱ्या) वक्र काढायचा. पण पहिल्या पंधरवड्यात हा एका ओळीचा हिशेब पुरतो. व्हेंटिलेटरवरच्यांचा मुक्काम वेगळा काढायचा. सगळे एकत्र केले तर मधलीच कुणाचीही नसलेली संख्या येते.

२८ जानेवारी, गुरुवार

लिटलचा नियम: आत असलेले रुग्ण = रोज दाखल होणारे गुणिले सरासरी मुक्काम. रोज १२ दाखल, ९ दिवस मुक्काम, तर १०८ खाटा. हा मध्य झाला. रोजची आवक कमी-जास्त होते; यदृच्छ आवक धरली तर फरक साधारण वर्गमुळाइतका, म्हणजे १० च्या आसपास. या फरकाच्या दोन पट जागा जास्तीची सोडली तर १२९.

लहान विभागाला प्रमाणाने जास्त जागा सोडावी लागते. व्हेंटिलेटरच्या खाटा: सगळीकडे मिळून रोज ३ दाखल, १४ दिवस मुक्काम, मध्य ४२. एकत्र चालवल्या तर ४२ अधिक १३, म्हणजे ५५. सहा रुग्णालयांनी ७-७ रुग्ण वेगवेगळे सांभाळले तर प्रत्येकाला ७ अधिक ५.३, म्हणजे १२ पेक्षा थोडं जास्त, आणि सगळ्यांचं मिळून ७४. तेवढेच रुग्ण, १९ खाटांचा फरक. समन्वय कक्षाचा फायदा काय, असं विचारणाऱ्याला हे उत्तर. अर्थात रुग्ण हलवण्याची सोय असेल तरच हा फायदा मिळतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला नेणाऱ्या रुग्णवाहिका किती आहेत, हा रकाना आज वाढवला.

वाढत्या साथीत लिटलचा नियम थेट लावू नये. आवक ७ दिवसांत दुप्पट होत असेल तर रोजचा वाढीचा दर ०.६९३ भागिले ७, म्हणजे ०.०९९. मुक्काम १० दिवस असेल तर रोज बाहेर पडण्याचा दर ०.१. आज १० दाखल होत असतील तर आत असलेले रुग्ण १० भागिले (०.०९९ अधिक ०.१), म्हणजे ५० च्या आसपास. नियम म्हणतो १००. दोन्ही बरोबर आहेत: आज ५० आहेत, आणि उद्यापासून आवक १० वरच थांबली तरी खाटा १०० पर्यंत भरतच राहतील. 'आवक स्थिर झाली, आता धोका नाही' हे वाक्य बैठकीत आलं की हा हिशेब काढायचा.

तयार साधनांपैकी 'चाइम' पाहिलं. पेन मेडिसिनच्या चमूने मार्च २०२० मध्ये खुलं केलेलं एसआयआर प्रतिमान (लोकसंख्येचे लागण होऊ शकणारे, बाधित आणि बाधेतून बाहेर पडलेले असे तीन गट धरणारं). लोकसंख्या, त्यातला आपल्या रुग्णालयाचा वाटा, दुप्पट होण्याचा काळ, दाखल होण्याचं प्रमाण आणि मुक्काम एवढं भरलं की वक्र मिळतो. महिन्याभराच्या वक्रावर विसंबायचं नाही: दुप्पट होण्याचा काळ ५ ऐवजी ६ दिवस धरला तर ३० दिवसांनंतरची वाढ ६४ पटीऐवजी ३२ पट येते. फलकावर १० दिवसांचाच अंदाज, पट्ट्याच्या रूपात. एकच रेघ काढली तर लोक तिला आकडा समजतात.

आठवड्याच्या वारांचाही परिणाम आहे. रविवारी डिस्चार्ज कमी, सोमवारी जास्त. सात दिवसांची सरासरी वापरली की तो बुजतो, पण रविवारी रात्रीची टंचाई खरीच असते. ती सरासरीत पुसून टाकायची नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार

इशारे. पहिल्या आवृत्तीत ८५ टक्के ओलांडले की संदेश जायचा. ८४ आणि ८६ मध्ये आकडा दिवसभर हेलकावत राहिला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी सूचना बंद केल्या. आता ८५ वर चालू, ८० खाली गेल्यावरच बंद.

८५ हा आकडा कुठून येतो, हेही विचारलं गेलं. १९९९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका संगणकीय अभ्यासात आपत्कालीन दाखल होणाऱ्यांचा विचार करून असं दिसलं की सरासरी भरती ८५ टक्क्यांच्या वर गेली की धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांवर खाटांची टंचाई नेहमीची होते. तो सर्वसाधारण रुग्णालयाचा निष्कर्ष आहे. ८ खाटांच्या आयसीयूला तसाच लावू नये. आठपैकी सात भरल्या की ८७.५ टक्के होतात. लहान विभागासाठी टक्केवारी बंद, 'मोकळ्या २ पेक्षा कमी' असा नियम.

त्याहून महत्त्वाचा बदल: इशारा आजच्या भरतीवरून द्यायचा नाही. नवा वॉर्ड उघडायला लागणारा वेळ प्रत्येक टप्प्यापुढे लिहिला. आधीच मांडलेल्या खाटांना सिस्टर वळवणं: १२ तास. नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलून वॉर्ड मोकळा करणं: ७२ तास, कारण आधीचे रुग्ण घरी जावे लागतात. शस्त्रक्रियेनंतरच्या रिकव्हरी खोलीचं आयसीयूत रूपांतर: ४८ तास. पाइपलाइनची नवी फांदी: तीन आठवडे. टप्प्याला ७२ तास लागत असतील तर ७२ तासांनंतरचा अंदाज मर्यादा ओलांडतो का ते पाहायचं, आणि त्यावर आज संदेश. संदेशात कोणी काय करायचं तेही लिहिलेलं.

४ फेब्रुवारी, गुरुवार

लोकांसाठीचं पान. नेमका आकडा द्यायचा नाही असं ठरलं. 'ग: ३ मोकळ्या' असं दिसलं की दहा कुटुंबं तिकडे निघतात आणि पोचेपर्यंत तीनही भरलेल्या असतात. पानावर 'उपलब्ध', 'मोजक्या', 'भरलेलं' हे तीन शब्द, नोंदीची वेळ आणि एकच दूरध्वनी क्रमांक. 'मोजक्या' म्हणजे ५ किंवा कमी. भरलेल्या रुग्णालयाच्या दारातून अत्यवस्थ रुग्णाला परत पाठवता येत नाही, हे वाक्य पानावर ठळक.

रुग्णाचं नाव, वय, पत्ता फलकाच्या डेटाबेसमध्ये नाहीच. खाटेचा क्रमांक आणि अवस्था पुरतात.

८ फेब्रुवारी, सोमवार

इंटरनेट बंद पाडून सराव. छापील फॉर्म, रकाने टॅबलेटवरच्याच क्रमाने. क्रम बदलला की थकलेल्या माणसाचा हात चुकतो. दर चार तासांनी एसएमएस: रुग्णालयाचं अक्षर, मग चार आकडे मधे मोकळी जागा सोडून. नंतर भरताना घटनेची वेळ कागदावरची.

सरावात सापडलेलं: च च्या दोन टॅबलेटना एकच पासवर्ड आहे आणि तो चिकटपट्टीवर लिहून मागे लावलाय. पासवर्ड बदलण्याऐवजी सहा अंकी पिन आणि पाळीगणिक बाहेर पडणं असं केलं. लांब पासवर्ड हातमोजे घालून टाइप होत नाही, त्यामुळे ती चिकटपट्टी पुन्हा आली असती.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

ताळेबंद रोज सकाळी ७ ला आपोआप: कालचे रुग्ण, अधिक दाखल, अधिक आत हलवलेले, वजा डिस्चार्ज, मृत्यू आणि बाहेर हलवलेले. आजच्या मोजणीशी जुळलं नाही तर वॉर्डाचं नाव यादीत. एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाणारे रुग्ण इथे सर्वात जास्त त्रास देतात: एकीकडे डिस्चार्ज, दुसरीकडे दाखल, आणि मधल्या दोन तासांत ते कुठेच नसतात. 'प्रवासात' असा एक आभासी वॉर्ड केला. तो मध्यरात्री रिकामा नसेल तर फोन.

ताळेबंद जुळला तरी फेरी चुकवायची नाही. आठवड्यातून दोनदा, वेळ न सांगता, फलकाची छापील प्रत घेऊन एक वॉर्ड खाट-खाट पाहायचा. आज छ चा दुसरा मजला पाहिला. २२ खाटांपैकी ३ जुळल्या नाहीत. एक सफाई होऊन तयार, पण 'सफाई चालू'च, कारण सफाई कर्मचाऱ्याला फॉर्म उघडता येत नाही. एकीवर मॉनिटरची खोकी ठेवलेली. एकीचा ऑक्सिजन पॉइंट गळतो म्हणून सिस्टर तिथे कुणाला घेत नाही, आणि 'बंद' केलं तर दुरुस्तीचा अर्ज कुणी करायचा या वादात ती 'मोकळी'च राहिली आहे.

पहिलीसाठी खाटेला क्यूआर स्टिकर. सफाई झाली की स्कॅन, लॉगिन नाही. दुसरीची खोकी आजच हलली. तिसरीसाठी 'बंद: ऑक्सिजन पॉइंट' निवडताच दुरुस्ती विभागाला आपोआप अर्ज जाईल अशी जोडणी सोमवारी. पुढची फेरी घ मध्ये, रात्रपाळीला.